घरचा कॉम्प्युटर कुठे अडतो?

चार वर्षांपूर्वी दुकानातून आणला तेव्हा लॅपटॉप बटण दाबताच कामाला हजर व्हायचा. आज बटण दाबून चहा टाकायला जावे, तर चहा उकळून कपात आला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. हा अनुभव पुण्यात येतो, तसाच सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमध्ये आणि मेलबर्नच्या टार्नीटमध्येही येतो. त्यावरचा घरगुती निकालही सगळीकडे सारखाच: 'जुना झालाय, आता नवा घेऊ.'

या निकालात एक गोम आहे. कॉम्प्युटरचे मुख्य काम करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. या चिपमध्ये हलणारा, घासला जाणारा, झिजणारा असा एकही सुटा भाग नसतो. पहिल्या दिवशी सेकंदाला दोनशे कोटी ठोके देणारा प्रोसेसर चार वर्षांनंतरही तेवढेच ठोके देऊ शकतो. मग वेग गेला कुठे?

बहुतेक वेळा तो कुठेच गेलेला नसतो. प्रोसेसर रिकामा बसून असतो, कारण त्याला हवी ती माहिती त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. ती कधी मेमरीत अडते, कधी डिस्कवर, कधी इंटरनेटच्या तारेत. कधी उष्णतेमुळे प्रोसेसरच स्वतःला आवरते घेतो. अडचण एके ठिकाणी आणि खर्च भलतीकडे, असे झाले की पैसे जातात आणि चक्र फिरतच राहते. म्हणून आधी अडते कुठे ते शोधायचे.

ओटा आणि माळा

प्रोसेसरला स्वयंपाकघरातली सुगरण समजा. तिचा हात विलक्षण चपळ आहे, पण ती फक्त ओट्यावर मांडलेल्या वस्तूच वापरू शकते. हा ओटा म्हणजे रॅम, अर्थात तात्पुरती मेमरी. सुरू असलेले प्रोग्रॅम, उघडलेली पाने, समोरचे फोटो हे सगळे रॅममध्ये असते आणि वीज गेली की ओटा पुसून कोरा होतो. कायमचा साठा असतो माळ्यावर, म्हणजे डिस्कवर. विंडोज, तुमच्या फायली, लग्नाचे व्हिडिओ सगळे तिथे.

आता या दोन ठिकाणांमधले अंतर पाहू. रॅममधून माहितीचा एक तुकडा उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात; एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. चिपवर साठवणाऱ्या एसएसडी डिस्कला त्याच कामासाठी साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजारपट. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कला साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे रॅमच्या लाखपट. हे आकडे इतके लहान आहेत की मनात ठसत नाहीत. म्हणून असे समजा, की ओट्यावरची मोहरी उचलायला सुगरणीला एक सेकंद लागतो. त्या हिशेबाने एसएसडीच्या माळ्यावरून मोहरी यायला १७ मिनिटे लागतील, आणि हार्ड डिस्कच्या माळ्यावरून यायला २८ तास. फोडणीतले तेल तापून तयार आहे आणि मोहरी उद्या येणार आहे, अशी ही गत.

ओटा लहान असेल तर आणखी एक भानगड होते. नवा डबा ठेवायला जागा हवी म्हणून आधीचा डबा माळ्यावर पाठवावा लागतो आणि दोन मिनिटांनी तोच परत मागवावा लागतो. रॅम भरली की कॉम्प्युटर नेमके हेच करतो. रॅममधली माहिती डिस्कवरच्या राखीव जागेत टाकतो आणि गरज पडली की परत आणतो. याला स्वॅपिंग म्हणतात. सगळा वेळ ने-आण करण्यात जातो आणि आपण म्हणतो, 'कॉम्प्युटर हँग झाला.'

वाट पाहण्याचा रोग जुना आहे

ऑस्ट्रेलियाचा पहिला कॉम्प्युटर नोव्हेंबर १९४९ मध्ये सिडनीत चालू झाला. ट्रेव्हर पिअर्सी आणि मॅस्टन बिअर्ड यांच्या नेतृत्वाखाली तो सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या रेडिओफिजिक्स प्रयोगशाळेत बांधला गेला. १९५५ मध्ये तो मेलबर्न विद्यापीठात हलवला आणि तिथे तो सिसिरॅक या नावाने १९६४ पर्यंत राबला. सुमारे २,००० व्हॉल्व्ह, सात टन वजन, ३० किलोवॅट वीज, आणि वेग सेकंदाला जेमतेम हजार ठोक्यांचा. त्याची मेमरी होती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत. माहिती ध्वनीच्या स्पंदनांच्या रूपात नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची आणि पुन्हा पहिल्या टोकाला सोडली जायची. एखादा आकडा हवा असेल तर तो फिरत फिरत टोकाशी येईपर्यंत थांबणे भाग होते. म्हणजे आकडेमोड करणारा भाग मोकळा आणि आकडा वाटेवर, ही स्थिती ७५ वर्षांपूर्वीही होतीच. हे यंत्र आज मेलबर्नच्या सायन्सवर्क्स संग्रहालयात पाहायला मिळते.

याच्या उलट उदाहरणही ऑस्ट्रेलियातलेच आहे. १९८२ मध्ये ओवेन हिल यांच्या अप्लाइड टेक्नॉलॉजी या कंपनीने मायक्रोबी नावाचा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. सुरुवातीला तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळायचा. घेणाऱ्याने स्वतः डाग द्यायचे आणि जोडायचा. पुढे न्यू साउथ वेल्सच्या कित्येक शाळांत तो पोचला. त्याच्या झेड-८० प्रोसेसरचा वेग होता दोन मेगाहर्ट्झ, म्हणजे आजच्या साध्या लॅपटॉपच्या हजाराव्या भागाइतका. मेमरी १६ किंवा ३२ केबी. तरीही बटण दाबताच मायक्रोबी आज्ञा घ्यायला तयार असायचा. कारण त्याची बेसिक ही भाषा थेट चिपमध्ये कोरलेली होती. डिस्कवरून काही आणायचेच नव्हते, त्यामुळे वाट पाहण्याचा प्रश्नही नव्हता.

मग आताचे प्रोग्रॅम एवढे कशाने फुगले? १९९५ च्या विंडोजला किमान चार एमबी रॅम पुरायची. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान चार जीबी लागते, म्हणजे हजारपटीहून जास्त. चित्रे मोठी झाली, सुरक्षेचे थर वाढले, प्रत्येक प्रोग्रॅम मागे राहून स्वतःचे अपडेट तपासू लागला. यंत्र जितके वेगवान होते त्याहून भरभर सॉफ्टवेअर जड होते, अशी तक्रार पास्कल भाषेचे जनक निक्लॉस विर्ट यांनी १९९५ मध्येच केली होती. चार वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपचे दुखणे यातच आहे. यंत्र तेच राहिले आणि त्याच्यावर लादलेले काम दरवर्षी वाढत गेले.

आधी नाडी बघा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा वापर दाखवणारा आकडा. मॅकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो. कॉम्प्युटर नेहमीसारखा रेंगाळत असताना हे आकडे पाहायचे. सगळे सुरळीत चालू असताना पाहून काही कळत नाही.

एक नेहमीचे चित्र बघा. चार जीबी रॅमचा लॅपटॉप, हार्ड डिस्कवाला, आताच सुरू केलेला. सीपीयू १२ टक्के, मेमरी ९१ टक्के, डिस्क १०० टक्के. डिस्कचा रकाना गडद रंगाने भरलेला आणि तो आकडा काही मिनिटे खाली यायला तयार नाही. दुकानदार अशा वेळी जास्त वेगवान प्रोसेसरचा लॅपटॉप सुचवेल, पण इथे प्रोसेसर ८८ टक्के रिकामा आहे. अडचण डिस्कची आहे आणि तिला मेमरीची कमतरता हातभार लावते आहे. वेगवान प्रोसेसर घेतला तर तो जास्त वेगाने वाट पाहील.

रकान्याच्या डोक्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. बऱ्याचदा तिथे ओळखीची नावे सापडतात: ब्राउझर, अँटिव्हायरस, फोटो क्लाउडवर चढवणारा प्रोग्रॅम, नाही तर मुलांनी उतरवलेला आणि नंतर विसरलेला गेम.

मेमरी: टॅबचा पसारा

आज घरात रॅम खाणारा सर्वांत मोठा गडी म्हणजे ब्राउझर. क्रोम किंवा एज साधारणपणे प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत चालवतो. त्यामुळे एक पान कोसळले तरी बाकीची वाचतात आणि एका संकेतस्थळाला दुसऱ्याची माहिती चोरता येत नाही. या सुरक्षेची किंमत मेमरीत मोजावी लागते. नुसता मजकूर असलेल्या पानाचे थोड्यात भागते, पण नकाशा, ईमेल किंवा व्हिडिओचा एकेक टॅब काहीशे एमबी घेऊन बसतो. वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवण्याची सवय असेल तर आठ जीबी रॅमही अपुरी पडते.

उपाय फुकट आहेत. नको ते टॅब बंद करा. पुन्हा लागणारे पान बुकमार्कमध्ये ठेवा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मेमरी सेव्हर नावाची सोय असते, ती चालू करा; बराच वेळ न पाहिलेला टॅब ती झोपवून ठेवते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी खातो ते दिसते. कधीतरी हौसेने बसवलेली एक्स्टेन्शनही काढून टाका. कुपन शोधणारी आणि पानाचा रंग बदलणारी ही मंडळी उघडलेल्या प्रत्येक पानामागे चालत राहतात.

एवढे करूनही मेमरीचा आकडा नव्वदीच्या खाली येत नसेल तर रॅम वाढवण्याचा विचार करा. घरकामाला आज आठ जीबी म्हणजे किमान आणि १६ जीबी म्हणजे ऐसपैस. मात्र बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये, आणि अ‍ॅपलच्या आताच्या सगळ्या मॅकबुकमध्ये, रॅम कायमची जडवलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. म्हणून मॉडेलचा नंबर पाहून आधी खात्री करा, मग पैसे काढा.

डिस्क: सगळ्यात मोठा फरक इथे

हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरतात आणि त्यांच्यावरून वाचणारा हात सरकतो. लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हात योग्य जागी सरकवायचा, मग हवी ती माहिती फिरत हाताखाली येईपर्यंत थांबायचे. यात डिस्क सेकंदाला शंभरेक ठिकाणांहूनच वाचू शकते. एक सलग मोठा चित्रपट ती झपाट्याने वाचते, कारण हात हलवावा लागत नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली इकडून तिकडून वाचाव्या लागतात. चार-चार केबीचे शंभर तुकडे म्हणजे सेकंदाला अर्धा एमबीही नाही. घरातले इंटरनेट याच्या कितीतरी पट वेगाने माहिती आणून देते. म्हणजे दूरच्या सर्व्हरवरची फाइल मांडीवरच्या डिस्कपेक्षा लवकर हाती येते.

एसएसडीत फिरणारे काही नसते. ती सेकंदाला हजारो-लाखो ठिकाणांहून वाचते. म्हणून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर सात-आठ वर्षांचा लॅपटॉपही मिनिटांऐवजी सेकंदांत सुरू होतो. नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा भागात होणारे हे काम आहे. त्याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याच एका बदलाने पडत नाही.

एसएसडी आधीपासून असेल तर ती काठोकाठ भरू देऊ नका. एसएसडीला जुन्या माहितीवर थेट नवी माहिती लिहिता येत नाही. आधी एक अख्खा ठोकळा पुसावा लागतो आणि मग लिहावे लागते. मोकळी जागा असली की ती ही पुसापुशी फावल्या वेळात करून ठेवते. जागाच उरली नाही तर प्रत्येक वेळी आधी पुसणे आणि मग लिहिणे आले, आणि वेग पडतो. डिस्कचा १५-२० टक्के भाग मोकळा ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरलेले सुप्रभात व्हिडिओ आणि डाउनलोड फोल्डर रिकामे केले तरी बरीच जागा निघते. विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स नावाची सोय तात्पुरत्या फायली आपोआप साफ करते.

डीफ्रॅगमेंट करण्याचा जुना सल्ला फक्त फिरत्या डिस्कसाठी होता, कारण विखुरलेले तुकडे सलग मांडले की हाताची धावपळ वाचते. एसएसडीला त्याचा उपयोग नाही, उलट विनाकारण लिहिणे वाढते. आणि 'रजिस्ट्री साफ करून दहापट वेग' अशी जाहिरात करणारे क्लीनर बसवूच नका. त्यांतले बरेचसे स्वतःच सुरुवातीला चालू होऊन मेमरीत बसतात.

सुरू होतानाची गर्दी

बरेच प्रोग्रॅम बसवताना गुपचूप स्वतःला 'कॉम्प्युटरबरोबर सुरू व्हा' अशा यादीत घालून घेतात. संगीताचे अ‍ॅप, प्रिंटरचा मदतनीस, मीटिंगचे सॉफ्टवेअर, गेमचे दुकान हे सगळे एकाच वेळी डिस्ककडे धाव घेतात. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप अ‍ॅप्स या भागात ही यादी आणि कोणाचा परिणाम किती, हे दिसते. अँटिव्हायरस आणि टचपॅड-ध्वनी यांसारखे यंत्राचे स्वतःचे मदतनीस सोडून बाकीचे निर्धास्त बंद करा. बंद करणे म्हणजे काढून टाकणे नव्हे. हवे तेव्हा ते हाताने उघडता येतात.

अँटिव्हायरस मात्र एकच ठेवा. दोन ठेवले तर प्रत्येक फाइल दोघे तपासतात आणि एकमेकांच्या हालचालीवरही संशय घेतात. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपली म्हणून रोज पैसे मागणारा अँटिव्हायरस काढून टाकला तर डिफेंडर आपोआप कामाला लागतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केले तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. त्यामुळे सुरू होणे लवकर होते, पण आत काही गुंता झालेला असेल तर तोही जपला जातो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळे मुळापासून सुरू होते. रोज रात्री लॅपटॉप बंद करूनही सकाळी तो अडखळत असेल तर आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करून पाहा.

जानेवारीतला लॅपटॉप

काही लॅपटॉप जुलैत नीट चालतात आणि जानेवारीत रडतात. ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळा जानेवारीत येतो. ४ जानेवारी २०२० रोजी सिडनीच्या पश्चिमेला पेनरिथमध्ये तापमान ४८.९ अंशांवर गेले होते. ॲपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांच्या खोलीत वापरायला सांगते. एसी नसलेल्या वरच्या मजल्यावरची खोली तिथल्या उन्हाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडते.

प्रोसेसर वीज खातो आणि त्याची जवळजवळ सगळी उष्णता होते. ती पंख्याने खोलीच्या हवेत सोडायची असते. हवा २० अंशांची असेल तर उष्णता पटकन निघून जाते. हवा ४० अंशांची असेल तर रेंगाळते. चिपचे तापमान शंभर अंशांच्या आसपास पोचले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी ठोक्यांचा वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. यंत्र बिघडलेले नसते. ते जळू नये म्हणून हळू चालत असते. लेखाच्या सुरुवातीला म्हटले की प्रोसेसर पहिल्या दिवशीच्याच वेगाने चालू शकतो. ही त्यातली मुख्य अट: त्याला थंड राहता आले पाहिजे.

उन्हाळ्याच्या जोडीला धूळ असते. ऑस्ट्रेलियातल्या अनेक घरांत कार्पेट असते आणि लॅपटॉप बहुधा पलंगावर किंवा सोफ्यावर चालतो. तीन-चार वर्षांच्या लॅपटॉपचे तळाचे झाकण उघडले तर पंखा आणि धातूच्या बारीक पात्या यांच्या मध्ये केस, तंतू आणि धूळ यांचा करडा पट्टा जमलेला दिसतो. बोटांच्या चिमटीत धरून तो अखंड उचलता येतो. पंखा जोरात घोंघावतो, पण हवा पात्यांमधून जातच नाही.

यावरचा इलाज असा. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, दाबाच्या हवेच्या डब्याने जाळीतून हवेचे छोटे छोटे झोत सोडा. झाकण उघडले असेल तर पंखा काडीने रोखून धरा, नाही तर तो हवेने बेफाम फिरून खराब होतो. वापरताना लॅपटॉप सपाट, टणक पृष्ठभागावर ठेवा. उशीवर ठेवला की तळाची जाळी बुजते. आणि तळ फुगलेला किंवा टचपॅड वर आलेला दिसला तर वेगाचा विचार सोडा. बॅटरी फुगली आहे. यंत्र वापरणे थांबवा आणि जाणकाराकडे न्या.

दोष इंटरनेटचा की लॅपटॉपचा?

सिडनीत हिवाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार झालेले असतात. पुण्यात आई-बाबांचा चहा, सिडनीत जेवणे आटोपलेली, म्हणजे व्हिडिओ कॉलची वेळ. पण संध्याकाळी सात ते रात्री अकरा हीच ऑस्ट्रेलियात इंटरनेटवर सर्वाधिक गर्दीची वेळ. म्हणूनच तिथल्या कंपन्या योजना विकताना 'संध्याकाळचा नेहमीचा वेग' वेगळा सांगतात. कॉल अडखळला की खापर लॅपटॉपवर फुटते, ते दर वेळी खरे नसते.

पारख सोपी आहे. लॅपटॉपशेजारी फोन ठेवा, दोन्ही एकाच वाय-फायवर, आणि दोन्हीकडे तेच पान उघडा. फोनवर झटकन उघडले आणि लॅपटॉपवर नाही, तर दोष लॅपटॉपचा. दोन्हीकडे रेंगाळले तर राउटरजवळ जा, शक्य असेल तर केबल लावून वेग मोजा. केबलने वेग चांगला आणि वाय-फायवर वाईट असेल तर भिंती आणि अंतर आडवे येत आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो पण हळू असतो, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गोंधळ घालतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण विटांच्या दोन भिंतींपलीकडे दमतो. राउटर कपाटातून बाहेर काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवला तरी बराच फरक पडतो.

केबलनेही वेग मिळत नसेल तर जोडणी कोणती आहे ते पाहा. एनबीएन या राष्ट्रीय जाळ्यात काही घरांपर्यंत थेट फायबर येते, तर काहींना रस्त्यावरच्या पेटीपासून जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेने जोडले आहे. ही तार जितकी लांब तितका वेग कमी. सप्टेंबर २०२५ मध्ये एनबीएनने फायबर आणि केबल टीव्हीच्या तारेच्या (एचएफसी) जोडण्यांवरची १०० मेगाबिटची योजना ५०० मेगाबिटपर्यंत नेली. अशा घरातही लॅपटॉप रेंगाळत असेल तर बोट पुन्हा लॅपटॉपकडेच वळते.

खेडोपाडी एनबीएनच्या स्काय मस्टर उपग्रहाची जोडणी असते. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत. आपली मागणी वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाणार आणि खाली येणार. एकूण १,४४,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. तिथे कितीही महागडा लॅपटॉप आणला तरी बोलणे एकमेकांवर आदळणारच. फायबरवरही सिडनी ते मुंबई हे सुमारे १०,००० किलोमीटर अंतर जाऊन येण्यात सेकंदाचा दहावा भाग जातोच, कारण काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच धावतो.

'तुमचा कॉम्प्युटर स्लो झालाय' असा फोन आला तर

मंद कॉम्प्युटरवर पोट भरणारी एक जमात आहे. टेल्स्ट्रा ही फोन कंपनी, एनबीएन किंवा मायक्रोसॉफ्टमधून बोलतो असे सांगून फोन येतो. तुमच्या कॉम्प्युटरमधून व्हायरस पसरतो आहे, म्हणून तो हळू झाला आहे, असे ऐकवले जाते. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात आणि त्यातली लाल-पिवळी चिन्हे दाखवून घाबरवतात. अशी चिन्हे प्रत्येक धडधाकट कॉम्प्युटरमध्ये असतात. त्यानंतर दुरून ताबा देणारा प्रोग्रॅम उतरवायला सांगतात. तो उतरवला की बँकेचे खाते त्यांच्या हातात जाते.

तुमचे घरचे यंत्र हळू चालते हे दूर बसलेल्या कुणाला कळायचा मार्ग नाही, आणि या कंपन्या असा फोन करून ताबा मागत नाहीत. फोन ठेवून द्यायचा. पैसे गेले असतील तर आधी बँकेला कळवायचे, मग ऑस्ट्रेलिया सरकारच्या स्कॅमवॉचकडे नोंद करायची. भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना हे आवर्जून सांगून ठेवा. दिवसभर घरी तेच असतात आणि फोनही तेच उचलतात.

दुरुस्ती कुठवर?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे एसएसडी बसवून धावू लागलेला एखादा लॅपटॉपही सुरक्षेच्या दृष्टीने मागे पडतो. असे यंत्र पत्रव्यवहार आणि वाचनापुरते ठेवायचे असेल तर त्यावर लिनक्स मिंट किंवा क्रोमओएस फ्लेक्स बसवता येते. दोन्ही फुकट आहेत आणि कमी मेमरीत चालतात.

यंत्र वर्ष-दोन वर्षांचेच असून रखडत असेल तर वेगळा विचार करा. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार वस्तू वाजवी काळ नीट चाललीच पाहिजे, आणि हा हक्क कंपनीच्या वॉरंटीबरोबर संपत नाही. दोष यंत्राचा असेल तर 'वॉरंटी संपली' हे दुकानदाराचे उत्तर पुरेसे नाही.

आणि निरोप द्यायचाच ठरला तर कचऱ्याच्या डब्यात नको. व्हिक्टोरियात १ जुलै २०१९ पासून इलेक्ट्रॉनिक कचरा कचरा-भूमीत टाकायला बंदी आहे, आणि टीव्ही व कॉम्प्युटर पुनर्वापराच्या राष्ट्रीय योजनेखाली देशभर फुकट जमा केंद्रे आहेत. देण्याआधी डिस्क पूर्ण पुसा. नुसत्या फायली डिलीट केल्याने माहिती जात नाही.

चौकट: या क्रमाने करा

• रीस्टार्ट करा. शट डाउन पुरेसे नाही.
• यंत्र रेंगाळत असताना टास्क मॅनेजर उघडा आणि कोणता रकाना भरला आहे ते पाहा.
• मेमरी भरली असेल: टॅब आणि एक्स्टेन्शन कमी करा, तरीही भरलेली राहिली तर रॅम वाढवता येते का ते पाहा.
• डिस्क १०० टक्के असेल: स्टार्टअपची यादी छाटा, १५-२० टक्के जागा मोकळी करा, फिरती डिस्क असेल तर एसएसडी बसवा.
• सीपीयू भरला आणि पंखा घोंघावत असेल: वर आलेला प्रोग्रॅम ओळखा, धूळ काढा, टणक पृष्ठभागावर ठेवा.
• सगळे रकाने रिकामे आणि तरी पान उघडत नसेल: वाय-फाय, राउटर, जोडणी तपासा.
• विंडोज ११ चालत नसेल: लिनक्स बसवा किंवा यंत्र बदला.

यादीतल्या पहिल्या पाच ओळींतली बहुतेक कामे फुकट आहेत आणि एका दुपारी आटोपतात. ती करून झाल्यावरही आकडे तेच राहिले, तरच दुकानाची पायरी चढा. आणि चढाल तेव्हा प्रोसेसरचे नाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: रॅम किती आणि डिस्क कोणती?